बाटली पिंपरीत, माणूस बांधावर

(महाळुंगे, ता. खेड इथं कामगार युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेलं दोन-तीन ठिकाणी भरून घेतलंय. बाकी बोललो तसंच.)



विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागनं कुणीतरी बोललं, "आज काय पुंगी वाजवणार का?" हसा. हसायला हरकत नाही. ठेकेदारी आहे, कापलेला पगार आहे, खोलीभाडं आहे, गावाकडचे अत्याचार आहेत. एवढं सगळं सोडून चळवळीच्या बैठकीत साप कशाला, असं बऱ्याच जणांच्या मनात आहे. मी ते ओळखून आहे. म्हणून पहिल्यांदा आकडा सांगतो.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात साप चावून बारा लाख माणसं मेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. रोजची दीडशेच्या वर. हा आकडा कुणी चहा पिता पिता सांगितलेला नाही. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०२० साली छापला. त्यांची पद्धत साधी होती. दवाखान्याच्या रजिस्टरवर विसंबायचं नाही. जनगणना खात्याची माणसं घरोघरी गेली, ओट्यावर बसली आणि विचारलं: तुमच्या घरात कोण वारलं, कसं वारलं, आधी काय झालं होतं. त्या उत्तरांतून हे बारा लाख निघाले. सरकारी दवाखान्यांच्या हिशेबात हीच संख्या वर्षाला हजार-दीड हजाराच्या घरात असायची. मग मधली पन्नास-पंचावन्न हजार माणसं दरसाल कुठं गेली? ती कागदावर मेलीच नाहीत. त्याच लोकांच्या आधीच्या पाहणीत, म्हणजे २००५ सालच्या मृत्यूंत, चारातला जेमतेम एक माणूस दवाखान्यात मेला होता. बाकीचे घरात, बांधावर, टेंपोत, नाहीतर देवळाच्या पायरीवर.

आता कोण मेलं ते बघा. जवळजवळ सगळे खेड्यातले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरात, म्हणजे पेरणी, खुरपणी, लावणीच्या दिवसांत. चावा बहुतेक पायाला. चारात एक मूल पंधरा वर्षांच्या आतलं. पायात बूट नाही, घरात खाट नाही, दाराशी दिवा नाही, हे वर्णन कुणाचं आहे हे मला या बैठकीत समजावून सांगावं लागत नाही. वस्ती गावकुसाबाहेर ठेवली ती आपली. ओढ्याच्या अंगाला, उकिरड्याच्या शेजारी, उंदीर तिथं, आणि उंदीर तिथं साप. सापाला जात कळत नाही असं आपण म्हणतो. सापाला नाही कळत. वस्तीची जागा ठरवणाऱ्याला चांगली कळत होती.

सापाशी आपलं भांडण नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो. बाबासाहेबांनी १९५६ साली दीक्षेसाठी नागपूर निवडलं ते नाग लोकांची आठवण ठेवून. साप उंदीर खातो, धान्य वाचवतो. दिसला की काठी घेऊन धावणारेही चावून घेतात. तेव्हा मारायचं म्हणून मी बोलत नाही, वाचायचं म्हणून बोलतोय.

मी डॉक्टर नाही. आयटीआय फिटर आहे, तुमच्यासारखाच. पण फिटरला एक सवय असते. मशीन बंद पडली की तो देवाला दोष देत नाही. कुठला पार्ट गेला, तो पार्ट कुठं मिळतो, तो इथं का नव्हता, हे विचारतो. सापाच्या मृत्यूकडं मी तसंच बघायला लागलो.

पार्ट म्हणजे सापाची लस. खरं तर ती लस नाही, प्रतिविष आहे, पण गावात लसच म्हणतात, मीही तेच म्हणतो. हे तंत्रज्ञान काही काल निघालेलं नाही. काल्मेत नावाच्या फ्रेंच माणसानं १८९० च्या दशकात ते काढलं, त्याला सव्वाशेवर वर्षं झाली. घोड्याला विष अगदी थोडं थोडं टोचत जायचं. घोडा मरत नाही, त्याच्या रक्तात त्या विषाला बांधून टाकणारा पदार्थ तयार होतो. मग घोड्याचं रक्त काढायचं, पातळ भाग वेगळा करायचा, शुद्ध करायचा, बाटलीत भरायचा. आपल्याकडची लस एकाच वेळी चार सापांवर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. म्हणून चावलेला साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची काही गरज नसते. पातळ लसीला फ्रिज लागतो. पावडरच्या बाटलीला थंड, सावलीची जागा पुरते, म्हणजे वीज नाही हे कारणसुद्धा सांगता येत नाही.

आणि ही बाटली बनते कुठं? नीट ऐका. पिंपरीत हाफकिनच्या महामंडळाचा विभाग आहे, घोड्यांपासून अशा लसी बनवण्याचं काम तिथं चालत आलंय. सरकारी संस्था, तुमच्या-माझ्या पैशाची. आता पिंपरीहून नाशिक रस्त्याला लागा, चाकण ओलांडा, खेड, मंचर मागं टाका, नारायणगावला या. तिथं खाजगी कारखान्यात हीच लस बनते, तिथली बाटली आफ्रिकेतल्या सापांसाठीसुद्धा जाते. त्याच नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांचा दवाखाना आहे. साप चावलेली हजारो माणसं तिथं बरी होऊन घरी गेलीत. म्हणजे एकाच रस्त्याच्या एका टोकाला लस, दुसऱ्या टोकाला लस आणि ती टोचायला न घाबरणारे डॉक्टर. मधे आपण, महाळुंग्याचे. जगातलं औषध आपल्या दारावरून ट्रकनं जातंय.

त्या बाटलीत आणखी कुणाचे हात आहेत तेही बघा. विष काढायचं तर साप पकडावा लागतो. देशातल्या लसीला लागणारं बरंचसं विष तामिळनाडूतले इरुळ आदिवासी काढतात. पिढ्यानपिढ्या साप पकडणारी ही जात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांचा सापाच्या कातड्याचा धंदा बंद पडला, तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचं, साप परत रानात सोडायचा. आपल्या गारुड्याच्या हातातही तीच विद्या होती. त्याच्या वाट्याला कायदा आला, संस्था आली नाही. त्याची पोरं आज सिग्नलला फुगे विकतात. आणि यात एक तांत्रिक भानगडही आहे. एकाच जातीच्या सापाचं विष मुलखामुलखात वेगळं असतं. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं हे दाखवून दिलंय. तामिळनाडूच्या सापाच्या विषावर बनलेली लस इकडच्या सापावर कमी पडू शकते, मग बाटल्या जास्त लागतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या सापाचं विष महाराष्ट्रात काढणारे हात हवेत. ते हात कुणाचे असावेत, हा प्रश्न आपला आहे की नाही?

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. रडायला नाही, मशीन कुठं बंद पडली ते कळावं म्हणून.

माझी आत्या परभणीकडं राहायची. विधवा, भूमिहीन, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. श्रावणातली रात्र. घरात एकच खाट, तिच्यावर नातू झोपलेला. ती खाली, गोधडीवर. पहाटे तीनच्या सुमाराला पोटात कळ आली म्हणून उठली. अंगावर कुठं काही दिसेना. मण्यार चावली की दुखत नाही, सूज येत नाही, दात लागल्याची खूण धड दिसत नाही. उबेला अंथरुणात येते, झोपलेल्याला चावते, निघून जाते. पोटात दुखतं, घसा धरतो, मग पापण्या उतरायला लागतात. घरच्यांनी रिक्षा करून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं जो होता त्यानं पित्ताचं इंजेक्शन दिलं, सकाळी मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणाला. पाच वाजता तिला डोळे उघडता येईनात. सुनेला वाटलं, झोप लागली, दुखायचं थांबलं. सहाला शब्द फुटेना. मग जिल्ह्याच्या गावाला निघाले. वाटेत श्वास थांबला.

मी त्या दिवशी पहिल्या पाळीला होतो. फोन गेटवर जमा. सव्वातीनला बाहेर आलो तर सतरा मिस्ड कॉल.

दाखल्यावर काय लिहिलं? हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं शेवटी, साहेबाचंसुद्धा. साप हा शब्द कुठल्याच कागदावर आला नाही. मघाशी विचारलं ना, मधली पन्नास हजार माणसं कुठं जातात? त्यातली एक ही.

नंतर मी एका सरकारी डॉक्टरला गाठून विचारलं, काय केलं असतं तर वाचली असती? चांगला माणूस होता, आपल्यातलाच. कागद घेऊन बसला. म्हणाला, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला की आधी मण्यार डोक्यात आली पाहिजे, पित्त नंतर. लस लगेच द्यायची, सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या. श्वास अडला तर रबरी पिशवी असते, तोंडावर मास्क धरून ती हातानं दाबत राहायची, मोठ्या दवाखान्यातल्या मशीनपर्यंत पोचेस्तोवर. हातानं! त्याला वीज लागत नाही, इंजिनियर लागत नाही. दोन माणसं आळीपाळीनं दाबतील तर रस्ताभर माणूस जिवंत राहतो.

घोणस आणि फुरसं यांचं विष वेगळं, ते रक्त गोठू देत नाही. ते ओळखायची युक्ती ऐकून मी थक्क झालो. एक काचेची नळी. स्वच्छ, कोरडी, साबणानं न धुतलेली. तीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय, लस द्या. गोठलं तर ठरावीक वेळानं परत बघा. संपलं. नळी कटिंग चहाच्या भावात येते. प्लास्टिकची चालत नाही, काचच पाहिजे. तुम्ही गावाकडच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, काचेची कोरडी नळी दाखवा म्हणून. बघा किती जण दाखवतात.

आणि लस असूनसुद्धा देत नाहीत, ते का? घोड्याच्या रक्तातला पदार्थ आहे, काहींना त्याची रिॲक्शन येते. अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो. त्यावर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन आहे, तेही स्वस्त, तेही जुनं. पण डॉक्टर एकटा, नवा, रात्रीचा, नातेवाईक चाळीस. तो घाबरतो आणि चिठ्ठी लिहितो, पुढं न्या. पुढचा लिहितो, अजून पुढं न्या. या चिठ्ठ्यांत माणूस मरतो. मी त्या पोरसवद्या डॉक्टरला शिव्या देणार नाही. त्याला कुणी शिकवलं नाही, त्याच्यामागं कुणी उभं नाही. शिकवलं तर काय होतं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवानं मरणारी पोरं बघितली, आरोग्य केंद्रात उशाशी रात्र रात्र बसून टिपणं काढली. रक्तदाबाची एक साधी गोळी, प्राझोसिन, तिच्यानं माणूस वाचतो हे त्यांनी जगाला दाखवलं. १९८२ पासून लॅन्सेटमध्ये त्यांचं लेखन आलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातला माणूस. त्याच्याकडं सॅटेलाइट नव्हता, खाटेशेजारी बसायची तयारी होती.

आता आपल्या कारखान्याकडं या. कन्व्हेअरचं एक बेअरिंग घ्या. स्टोअरमध्ये त्याचा किमान साठा ठरलेला असतो की नाही? साठा त्याच्या खाली आला की मागणी आपोआप जाते. लाईन थांबली तर दिवा लागतो, भोंगा वाजतो, शिफ्ट इंजिनियर पळत येतो, किती मिनिटं गेली ते फळ्यावर चढतं. महिनाअखेरीला त्या मिनिटांवरून साहेबांचीसुद्धा खरडपट्टी निघते. पुण्यातला पार्ट दोन तासांत लाईनवर पोचला पाहिजे, नाहीतर पुरवठादाराला दंड. ही सगळी अक्कल या चाकण पट्ट्यात आहे, आणि ती चालवतो आपण. बेअरिंग संपू न देणारं डोकं दहा बाटल्या संपू न देण्यासाठी वापरायला कुठला शोध लागायचा बाकी आहे? आरोग्य केंद्राच्या दारावर खडूनं लिहा: आज सापाच्या लसीच्या बाटल्या इतक्या. खाली सही. एवढं तंत्रज्ञान आधी आणा, मग मोठ्या गोष्टी करू.

मोठ्या गोष्टी म्हणजे काय ते तुम्ही मोबाइलवर बघितलंच असेल. ड्रोन! डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या पाड्याकडं ड्रोननं करोनाची लस पाठवली होती. फोटो झकास आले. डोंगरातल्या पाड्याला त्याचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही. पण ड्रोन बाटली टाकून जाईल. टोचणार कोण? ॲपचं तसंच. केरळच्या वनखात्याचं ॲप चांगलं चालतं, कारण बटण दाबलं की पलीकडं प्रशिक्षण घेतलेला खराखुरा माणूस असतो, तो येऊन साप नेतो. माणूस उभा केला आणि मग ॲप जोडलं. आपल्याकडं ॲप आधी येतं, उद्घाटन होतं, माणूस येतच नाही.

मला भावलेलं तंत्रज्ञान नेपाळातलं आहे, आणि ते तुमच्या हाताखालून रोज जातं. मोटारसायकल. नेपाळच्या तराईत दमक नावाचं गाव आहे. तिथल्या खेड्यांत लोकांनी स्वयंसेवक ठरवले, ज्यांच्याकडं मोटारसायकल आहे असे. साप चावला की निरोप जायचा, पोरगा गाडी काढायचा. रोगी मधे, मागं त्याला धरून दुसरा, सरळ सर्पदंशाच्या उपचार केंद्रावर. जोडीला गावोगाव सांगणं: दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका, पाय हलवू देऊ नका, निघा. आधी शंभर चाव्यांमागं साडेदहा माणसं दगावत होती. ती अर्ध्यावर आली. अर्ध्यावर म्हणजे निम्मी नव्हे, शंभरामागं अर्धा माणूस, दोनशेत एक. २०१३ साली हे छापून आलंय.

दोस्तांनो, बजाजचा मोटारसायकलीचा कारखाना याच महाळुंग्यात आहे. पल्सर नेपाळच्या रस्त्यावर पैशाला पासरी दिसते. गाडी आपण जोडायची आणि तिच्यानं माणूस कसा वाचवायचा ते दमकच्या पोरांनी आपल्याला शिकवायचं! आपल्याकडं १०८ ची गाडी आहे, २०१४ पासून आहे, बोलवायचीच. पण पावसाळ्यात चिखलाच्या वाटेनं वस्तीवर ती किती वेळात येते ते तुम्हाला माहीत आहे. आणि संध्याकाळी सहा वाजता चाकणच्या तळेगाव चौकातून कुठलीही गाडी किती वेळात निघते तेही माहीत आहे. तिथं मोटारसायकलच निघते. ट्रिपल सीटची पावती फाडली तर फाडू दे, वर्गणी काढून भरू.

आता मांत्रिकाबद्दल. या ठिकाणी आपली शिकलेली पोरं फार उड्या मारतात. "आपली माणसं अडाणी, देवळात नेऊन ठेवतात." थांबा जरा. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापानंही पुष्कळदा विष सोडलेलं नसतं. त्यामुळं मांत्रिकाकडं गेलेले बरेच जण आपोआप जगतात आणि त्याचं नाव होतं. पुन्हा मांत्रिक गावात राहतो, रात्री दोनला दार उघडतो, अनामत रक्कम मागत नाही. दवाखाना तीस किलोमीटरवर, बंद. माणसं मूर्ख नाहीत, जे उघडं आहे तिथं जातात. तरीही मांत्रिकाला मी सोडणार नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंतर-गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी रक्त दिलंय, २० ऑगस्ट २०१३, पुण्याच्या पुलावर. पण मांत्रिकाचं दार बंद करायचं तर दवाखान्याचं दार रात्री दोनला उघडं पाहिजे. एकाच वेळी दोन्ही मागा.

पैशाकडं येतो. शेतकऱ्याला साप चावून मरण आलं तर गोपीनाथ मुंडेंच्या नावाची योजना आहे, वारसाला दोन लाख. चांगली गोष्ट. कागद कुठला लागतो? सातबारा. खातेदार पाहिजे, नाहीतर खातेदाराच्या घरातला एक. माझ्या आत्यानं चाळीस वर्षं रान खुरपलं, पण ते रान दुसऱ्याचं. म्हणजे बांधाच्या अलीकडं साप चावला मालकाला, दोन लाख. पलीकडं चावला मजुरणीला, शून्य. साप तोच, विष तेच, रान तेच. आणि या जुन्नर-खेडकडं बिबट्यानं माणूस मारला तर वनखातं पंचवीस लाख देतं, द्यायलाच पाहिजेत. सापसुद्धा वन्यजीव कायद्यात आहे, मारला तर गुन्हा. पण भरपाईच्या यादीत साप नाही. बिबट्या बागायतदाराच्या उसात येतो, त्याची बातमी होते, रास्ता रोको होतो. साप आत्याच्या गोधडीत येतो.

दिल्लीनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढलाय. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करणार म्हणतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना कळवलं की प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. कागद चांगला आहे. मी तो टाकून देत नाही, खिशात ठेवतो. दवाखान्यात साहेब "वरून काही आदेश नाही" म्हणाला की काढून दाखवायला बरा.

आणि गावाचं सांगताना आपण इथलं विसरायचं नाही. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या पत्र्याच्या खोल्यांत आपण दहा-दहा जण जमिनीवर झोपतो. मागं मोकळा प्लॉट, गुडघाभर गवत, खरकटं, उंदीर. बांधकामावरच्या लेबर कॅम्पात बिहारची, ओडिशाची, नांदेड-लातूरची पोरं विटांच्या ढिगाशेजारी आडवी होतात. रात्रपाळीची बस हायवेला सोडते, तिथून खोलीपर्यंत अंधार. एमआयडीसीच्या रस्त्याला पांढरेशुभ्र दिवे, खोल्यांच्या बोळात एक नाही. कारखान्यात आत शिरायचं तर सेफ्टी शूज सक्तीचे, पायावर लोखंड पडलं तर कंपनीचं नाव खराब होतं. तोच पाय संध्याकाळी चपलेत गवतातून जातो, आणि त्याच पायाची आई गावाकडं सोयाबीन काढते ती अनवाणी. जुने झालेले सेफ्टी शूज आपण भंगारवाल्याला देतो. या दिवाळीला गावी जाताना ते पिशवीत घालून न्या. आईला मोठे होतील, आत फडकं कोंबू दे. आणि पहिल्या बोनसात टीव्हीच्या आधी एक खाट आणि एक मच्छरदाणी घ्या, गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. मण्यारीपासून वाचवणारं याच्याइतकं खात्रीचं यंत्र मी बघितलेलं नाही. पुण्यात गल्लोगल्ली मिळतं.

आता कामाचं बोलू. येत्या रविवारी आपण पाच-पाच जणांच्या गटानं इथल्या आजूबाजूच्या सरकारी दवाखान्यांत जायचंय. भांडायला नाही, विचारायला. आज लसीच्या बाटल्या किती? काचेची नळी आहे का? रबरी पिशवी आहे का, आणि ती दाबायला कुणाला येते? रात्री दोन वाजता कोण असतं? उत्तर वहीत लिहायचं, तारीख घालायची, त्यांची सही मागायची. दिली नाही तर "दिली नाही" असं लिहायचं. पावसाळ्याआधी ही यादी खोल्याखोल्यांच्या दारावर चिकटली पाहिजे, म्हणजे चावल्यावर कुठं जायचं हे चावायच्या आधीच माहीत असेल. दुसरं, गावाकडं गेल्या पाच-दहा वर्षांत साप चावून कोण गेलं, त्याची नावं आईला, आजीला फोन करून विचारा. दाखल्यावर काहीही असो, आपल्या वहीत खरं लिहायचं. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यासमोर त्यांच्या आकड्याशेजारी आपला आकडा ठेवू. सातबाऱ्याच्या अटीचं निवेदन त्याच्याच बरोबर जाईल, नावं असली की निवेदनाला वजन येतं.

तिसरं मोटारसायकलींचं. वस्तीवार गाडीवाले ठरवायचेत, प्रत्येक पाळीत निदान दोघं खोलीवर असतील असे. पेट्रोलचे पैसे मंडळाच्या वर्गणीतून. पुढच्या आठवड्यात मघाचे ते डॉक्टर इथंच येणार आहेत, पिशवी कशी दाबायची आणि पाय फळीला कसा बांधायचा ते करून दाखवायला. बायकांनी जास्त यावं, दुपारच्या वेळी वस्तीवर त्याच असतात.

वही पुढच्या टेबलावर ठेवलीय. नाव, खोलीचा पत्ता, गाडी आहे का, या महिन्यात कुठली पाळी, एवढं लिहा. रात्रपाळीवाल्यांना आधी लिहू द्या, त्यांची बस साडेनऊला आहे.